कोळसा नेला, ऊन तरी राखा



वणी-चंद्रपूरच्या जमिनीखालचा कोळसा निघाला. चंद्रपुरात २,९२० मेगावॅटचे वीज केंद्र उभे राहिले. आपल्या वाट्याला काय आले? राख, आणि रात्रपाळीचे ओलीत.

आता पाळी उन्हाची. २०२३ च्या सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीचे भाडे ठरले हेक्टरी वर्षाला सव्वा लाख. कोरडवाहू कपाशी-ज्वारीत एवढे सुटत नाही, हे खरे. पण भाडे म्हणजे भाव नव्हे. वीज विकणारा दुसराच. २०१९ च्या कुसुम योजनेने शेतकऱ्यालाच ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचा प्रकल्प उभारून वीज विकायची मुभा दिली. घोडे अडते भांडवलापाशी.

म्हणून सभेत ठराव करा: शेतकरी गटांना कर्ज द्या, विजेला रास्त भाव द्या. जमीन आमची, ऊन आमचे. मग मीटर दुसऱ्याच्या नावावर का?