तारमास्तर आणि स्ट्रीमर

दिवाळी जवळ आली की आमच्या खामगावात बाहेरगावची माणसे चांदी घ्यायला येतात. रजतनगरी म्हणून गावाचा लौकिकच आहे. अशा गावात राहून अस्मादिकांनी गेल्या दिवाळीत जी डबी घरात आणली ती ना चांदीची, ना पितळेची; साबणाच्या वडीहून थोडी मोठी, चक्क काळ्या प्लॅस्टिकची! सौभाग्यवतींनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, "यात काय ठेवायचं?"

"काही नाही. यातून गाणी येतात."

"आणि ती दसऱ्याला आणलेली?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर मुळापासून सांगायला हवे.

आमच्या बैठकीत आबांचा जुना ॲम्प्लिफायर आणि दोन भले थोरले स्पीकर आहेत. कॅसेटचे यंत्र मोडले, तबकडीची सुई मिळेनाशी झाली, आणि त्या जोडीवर फुलदाणी ठेवण्याची पाळी आली. घरातले संगीत बंद झाले होते असे मात्र नाही. चिरंजीव कानात बोंडे घालून, कन्या आपल्या खोलीत आणि सौभाग्यवती स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून, असे जो तो आपापले ऐकत होता. एका घरात चार गाणी चालू आणि बैठकीत शांतता! आई गेल्यापासून त्या बैठकीत आबा एकटेच बसत. मनात आले, जुन्या स्पीकरांना पुन्हा वाचा फुटली तर घर एका जागी बसेल.

यासाठी जे यंत्र लागते त्याला स्ट्रीमर म्हणतात. घरातल्या इंटरनेटवरून ते गाणे स्वतः आणते आणि आपल्या जुन्या ॲम्प्लिफायरच्या हवाली करते. मराठीच्या मास्तराला यंत्रातले काय कळणार? दुकानातला पोरगा म्हणाला, "सर, हे घ्या, लय भारी हाये!" मी घेतले. दिसायला देखणे, अंगावर एकही बटण नाही. सारा कारभार मोबाइलवरून. घरी लावले, आवाज ऐकून मी थरारलो. आबा म्हणाले, "छान आहे."

पुढे आठ दिवस घरी कोणी नसताना ते यंत्र एकदाही लागले नाही. एका दुपारी तास लवकर सुटला म्हणून मी घरी आलो, तो आबा त्या नव्या यंत्राशेजारी बसून जुना ट्रान्झिस्टर कानाशी धरून खरखरीतून कुठले तरी स्टेशन पकडत होते.

"आबा, हे लावायचं ना!"

त्यांनी आधी यंत्राकडे बोट केले, मग ट्रान्झिस्टरकडे. "ते तुझं आहे. हे माझं आहे."

रागाने म्हणाले असते तर बरे झाले असते. ते अगदी साधेपणाने म्हणाले. मोबाइलच्या काचेवर त्यांचे बोट ठरत नाही, चित्रे बारीक, आणि दर वेळी नातवाला हाक मारायची म्हणजे गाणे ऐकण्यासाठी अर्ज करण्यासारखे. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाकडे अर्ज केला नाही, तो म्हातारपणी विविध भारतीसाठी कसा करील?

ते यंत्र मी थोडा तोटा सोसून एका सहकाऱ्याला दिले, आणि या वेळी निवड करायला आबांनाच शेजारी बसवले.

आता वाचकहो, आबा तारखात्यात होते. आपल्या देशातली तार 2013 च्या जुलैत बंद झाली, पण आबांच्या बोटांतून ती अजून गेलेली नाही. जेवताना वाटीवर कट्ट-कडकट्ट चालूच असते. मी त्यांना समजावू लागलो की गाण्याचे आकड्यांत रूपांतर करून ते तुकड्यातुकड्यांनी पाठवतात. त्यांनी मला थांबवले.

"म्हणजे तारच की! तुकडा गहाळ झाला तर?"

"पुन्हा मागवतात. आणि थोडे तुकडे आधीच साठवून ठेवतात, म्हणजे वाटेत खोळंबा झाला तरी गाणं तुटत नाही."

"आम्हीही परत मागवायचो. आणि त्या कडकट्टचे शब्द कोण करतो?"

त्या भागाला डॅक म्हणतात, असे मी सांगितले. "म्हणजे तारमास्तर," आबा म्हणाले आणि सरसावून बसले. त्यानंतरचे प्रश्न त्यांनीच विचारले, मी फक्त उत्तरे शोधून देत गेलो.

पहिला प्रश्न : ब्लूटूथ असताना हे कशाला? ब्लूटूथमध्ये गाणे मोबाइलमधून जाते. फोन आला की गाणे थांबते, माणूस मोबाइल घेऊन बाजारात गेला की गाणेही बाजारात जाते. शिवाय वाटेत आवाज पुन्हा दाबला जातो. स्ट्रीमर स्वतः नेटवरून आणतो. मोबाइल नुसता निरोप्या.

दुसरा : नेटचा वेग किती लागेल? 1982 साली आलेल्या सीडीत आवाजाचे दर सेकंदाला 44,100 नमुने घेतलेले असतात. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे मिळून सेकंदाला सुमारे 14 लाख ठिपके-रेघा होतात. आजच्या साध्या जोडणीलाही हे जड नाही. अडचण वेगाची नसते, सातत्याची असते. भिंती जाड असतील तर वायफायचा हट्ट सोडून सरळ तार ओढावी. तार म्हणताच आबा प्रसन्न झाले.

तिसरा : महागड्या यंत्रात 24 बिट, 192 किलोहर्ट्झ असे आकडे लिहिलेले असतात, ते घ्यावे का? ज्यांना नवी ध्वनिमुद्रणे ऐकायची त्यांनी जरूर पाहावे. पण आबांच्या आवडीचे गाणे तीन मिनिटांच्या तबकडीच्या काळातले. जे मुळातच मुद्रित झाले नाही, ते मोठ्या आकड्याने कुठून येणार? छोट्या पातेल्यातले दूध मोठ्या पातेल्यात ओतल्याने वाढत नाही. पैसे उरलेच तर ते स्पीकरवर खर्चावेत.

चौथा : जुन्या ॲम्प्लिफायरला जोडणार कुठे? मागच्या बाजूला लाल-पांढऱ्या खोबण्या असतात. ऑक्स, टेप किंवा सीडी असे लिहिलेल्या जोडीत लावावे. फोनो लिहिलेल्या जोडीत कदापि नाही. ती तबकडीच्या क्षीण आवाजासाठी असते. दुसरे काही तिथे लावले तर आवाज फाटतो.

पाचवा प्रश्न आमच्या जिल्ह्याचा : लाइन गेली तर? वीज परत आल्यावर राउटरला जागे व्हायला दोनतीन मिनिटे लागतात. तेवढ्यानंतर यंत्राने आपण होऊन जोडणी घ्यावी. पुन्हा मोबाइलवरून मनधरणी करायला लावू नये. आणि नेट दिवसभर गेले तर? म्हणून पेन ड्राइव्हवरची किंवा घरच्या संगणकावरची गाणीही त्याला वाजवता आली पाहिजेत.

सहावा : कंपनीने दुकान गुंडाळले तर? हा प्रश्न तारखात्याचा माणूसच विचारू शकतो. स्क्वीझबॉक्स नावाचा एक नावाजलेला स्ट्रीमर होता. लॉजिटेकने 2012 मध्ये तो करणे थांबवले आणि 2024 मध्ये त्याची नेटवरची सेवाही मिटवली. तरी ती यंत्रे अनेक घरांत वाजत आहेत, कारण त्यांना चालवणारी प्रणाली सर्वांना खुली होती आणि हौशी लोकांनी ती जिवंत ठेवली. तेव्हा एकाच कंपनीच्या दारात बांधलेले यंत्र घेऊ नये. आपण गाण्यांची जी वर्गणी भरतो ती सेवा त्यावर चालते का, आणि ती आपल्या देशात मिळते का, हेही आधी पाहावे.

सातवा प्रश्न आबांनी विचारलाच नाही. तो मी विचारला, आणि खरे तर तोच पहिला असायला हवा होता : याला बटणाचा रिमोट आहे का? आणि एका बटणावर एक स्टेशन कायमचे बसवता येते का?

या प्रश्नासरशी यादीतली अर्धी यंत्रे गळाली. उरली त्यांतली ही काळी डबी, पहिलीच्या निम्म्या किमतीची. पहिल्या बटणावर विविध भारती बसवली. 3 ऑक्टोबर 1957 ला ती सुरू झाली तेव्हा आबा शाळेत होते. दुसऱ्या बटणावर आईचे अभंग, जुन्या कॅसेटवरून उतरवून पेन ड्राइव्हवर घेतलेले. तिसरे चिरंजीवांच्या पसंतीचे. ते लागले की आबा कानावर हात ठेवतात, पण उठून जात नाहीत. चौथे सौभाग्यवतींनी राखून ठेवले आहे.

नरक चतुर्दशीच्या पहाटे मला जाग आली ती आवाजाने. बाहेर अंधार होता, न्हाणीघरात पाणी तापत होते, उटण्याचा वास येत होता, आणि बैठकीत दुसरे बटण लागले होते. मी आत डोकावलो. आबा रिमोट मांडीवर ठेवून डोळे मिटून बसले होते, आणि बोटे खुर्चीच्या हातावर ताल धरत होती.

मला कोणी हाक मारली नव्हती.