आईला सवड द्या

माशांच्या हौसेत दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरचा माणूस मासे पाळतो, दुसऱ्या पायरीवरचा त्यांची पिल्ले वाढवू पाहतो. पहिलीला घरच्यांचे कौतुक लाभते, दुसरीला त्यांची सोशिकता लागते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मिठाच्या पाण्याची बाटली रात्रंदिवस बुडबुडे सोडू लागली आणि तिच्यात पिल्लांच्या खाण्यासाठी आर्टेमियाची अंडी उबत आहेत असे पाहुण्यांना सांगावे लागले, की घर दुसऱ्या पायरीवर पोचले असे समजावे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आमचे घर त्या पायरीवर आहे. या पायरीवरच्या मंडळींत एक घाई बोकाळली आहे, तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते.

माझे मासे बुटक्या सिक्लिडांपैकी. सिक्लिड म्हटले की आपल्याकडे फूटभर लांबीचा मारकुटा ऑस्कर डोळ्यांपुढे येतो. अपिस्टोग्रामा मात्र बोटाएवढा. माझ्याकडची जात काकाटुऑइडिस, म्हणजे काकाकुव्यासारखा तुरा मिरवणारी, पेरूच्या बाजूच्या ॲमेझॉन खोऱ्यातली. नर आठ सेंटिमीटरच्या आसपास, मादी जेमतेम पाच. कुजत्या पालापाचोळ्याच्या थरात हे मासे राहतात. बोअरच्या जड पाण्यापेक्षा धरणाचे नळाचे पाणी त्यांना मानवते, अर्थात क्लोरिन घालवून. त्यात देशी बदामाची वाळकी पाने टाकली की पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. हीच पाने दुकानात पाकिटातून विकत मिळतात आणि रस्त्यावर फुकट. जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला हा फरक चटकन दिसतो.

नारळाच्या अर्ध्या करवंटीला कडेशी भोक पाडून ती वाळूवर उपडी घातली, की मादीला घर मिळते. ती आत शिरून, उलटी होऊन, करवंटीच्या छताला अंडी चिकटवते. पन्नास, साठ, कधी शंभरापर्यंत. आणि मग रंग पालटते. एरवी मळकट दिसणारी ही मादी हळदीने माखल्यासारखी पिवळीधमक होते, अंगावर काजळाच्या रेघा उमटतात, आणि आपल्या दीडपट लांबीच्या नराला ती करवंटीच्या आसपास फिरकू देत नाही. टाकी लहान असेल तर नराला लपायला जागा ठेवावी लागते, नाहीतर त्याची धडगत नसते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास अंडी फुटतात, आणखी पाच-सहा दिवसांत पिल्ले पोहू लागतात. त्यांना घेऊन ती टाकीभर हिंडते. धोका दिसला की अंगाला एक झटका देते, आणि सगळा घोळका पालापाचोळ्यात बसून निपचित होतो. चुकार पिल्लू तोंडात धरून ती परत आणून सोडते. हे पाहायला मिळते म्हणून तर हा सारा खटाटोप.

पण पहिल्या एक-दोन खेपांना बहुधा असे घडते, की सकाळी दिवा लावावा तो करवंटी रिकामी आणि मादीचा पिवळा रंग उतरलेला. अंडी तिनेच खाल्लेली असतात. ती नवखी असते. काही अंडी फळलेली नसतात, त्यांना बुरशी धरते. रात्री कोणी टाकीला धक्का दिला एवढेही कारण पुरते. आणि इथेच जाणकार मंडळी सल्ला देतात : पुढच्या खेपेला करवंटीच बाहेर काढा. वेगळ्या बरणीत ठेवा, मिथिलीन ब्लूचे थेंब टाका, हवेचा पंप लावा. साठातली पन्नास पिल्ले हमखास हाताशी.

हिशेब बरोबर आहे. माझा आक्षेप हिशेबाच्या रकान्यांना आहे. बरणीत अंडी राखणाऱ्या मादीचीही पिल्ले जगतात आणि अंडी खाणारीचीही. नियमित फेडणाऱ्याला आणि बुडवणाऱ्याला एकाच दराने कर्ज देणाऱ्या बँकेचे जे होते, तेच दहा पिढ्यांनी त्या वाणाचे होणार. रॅमिरेझी आणि एंजल पाळणाऱ्या जुन्या लोकांची तक्रार आहे, की शेतांवर पैदा केलेल्या जोड्या अंडी राखतच नाहीत. मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. रंग राहिला, तुरा राहिला, आई तेवढी गाळली गेली.

बरणीत नुसती संख्याच हाती येते असेही नाही. १९९६ साली उवे रोमर आणि वोल्फगांग बायझेनहेर्झ या जर्मन संशोधकांनी अपिस्टोग्रामाच्या ३७ जातींवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पिल्ले लहान असताना पाणी किती उष्ण आहे, यावर बहुतेक जातींत नर-माद्यांचे प्रमाण ठरते. २३ अंशांना माद्या जास्त, २९ ला नर जास्त. पिल्ले लवकर वाढावीत म्हणून हीटर चढवणाऱ्याच्या पदरी नरांचीच फौज पडते. घाईचे व्याज ते हेच.

आपल्या देशात सिक्लिडांच्या मोजून तीन जाती मूळच्या. त्यांतला एट्रोप्लस सुराटेन्सिस, म्हणजे केरळचा करिमीन, गोव्याकडे कालुंदर म्हणून ताटात येतो. दुसरा नारिंगी क्रोमाइड, केरळात पल्लती, टाकीत मजेत राहतो. यांचे जवळचे नातलग थेट मादागास्करात. या नारिंगी माशात आई आणि बाप दोघेही राखण करतात, आणि पिल्ले त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव टिपून खातात. तेवढ्यावरच ती जगतात असे नाही. पण आईबापांच्या अंगाला लगटून चाललेले ते टिपणे बरणीत कोण पुरवणार?

एखादी जात दुर्मिळ असेल, हाती एकच जोडी असेल, तर अंडी काढून वाचवावीत. हा अपवाद मला मान्य आहे. पण काकाटुऑइडिस काही दुर्मिळ नाही. दोन-तीन आठवड्यांत मादी पुन्हा अंडी घालते. तोवर टाकी भिंतीशी स्थिर ठेवावी, इतर मासे काढावेत, पाणी थोडे थोडे बदलावे, आणि रोज सकाळी करवंटी उचलून पाहण्याचा मोह आवरावा. हा शेवटचा भाग सर्वांत अवघड. मुलांच्या परीक्षेच्या निकालाआधी आम्ही घरात इतक्या येरझाऱ्या घातल्या नव्हत्या.

आमच्याकडे सध्याच्या खेपेला अठरा पिल्ले उरली आहेत. दुकानदाराला ती फार कमी वाटतात; महिन्याला शंभर देता का, असे तो विचारतो. मादीचा पिवळा रंग गेल्या दोन दिवसांत फिकटू लागला आहे आणि जवळ येणाऱ्या पिल्लाला ती आता ढुशी देते. म्हणजे तिला करवंटी पुन्हा मोकळी हवी आहे. रविवारी दुसरी टाकी भरायला घ्यावी लागेल.