छेद कुठे आहे?

दरवर्षी नीटचा निकाल लागला की आपल्या समाजात एकच हिशेब सुरू होतो. कुणाला किती मार्क, कुणाला सरकारी कॉलेज, कुणाला डोनेशन. मग शाल, ट्रॉफी, फ्लेक्स. कळंबपासून कळव्यापर्यंत चित्र सारखंच. सत्काराला विरोध नाही. पण डॉक्टर एका वेळी एकच रोगी तपासतो. गावात आजार कुठून आला, कुणाला झाला, कुणाला झाला नाही आणि का, हे तपासणारं शास्त्र वेगळं आहे. त्याला साथरोगशास्त्र म्हणतात. नावात साथ असली तरी विषबाधा, कुपोषण, बाळंतपणातले मृत्यू हे सगळं त्यातच येतं. या शास्त्राकडे आपण पाठ फिरवून बसलोय आणि त्याची किंमतही आपणच मोजतोय, असा माझा सरळ आरोप आहे.

आपल्याच जिल्ह्यापासून सुरुवात करू. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आठशेच्या आसपास माणसं दवाखान्यात दाखल झाली. उलट्या, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, धाप. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक अंगात गेलं की कोलिनेस्टरेज नावाचं विकर काम करेनासं होतं. रक्तात ते किती उरलं हे तपासलं की विष कितपत भिनलंय याचा अंदाज येतो. ही साधी तपासणी यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात तेव्हा होत नव्हती. कापसाच्या जिल्ह्यात! त्यात माणसं दोन-तीन औषधं एकत्र करून फवारत होती, म्हणजे नेमकं काय अंगात गेलं ते रुग्णालाही सांगता येत नव्हतं.

आणि मग चर्चा कशाची झाली? मजुराने मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत, वाऱ्याची दिशा पाहिली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. ऑक्टोबरच्या उकाड्यात डोक्याएवढ्या कपाशीत प्लास्टिकचा कोट घालून पाठीवर पंप वाहून दाखवा, मग बोलू. पण हा रागाचा मुद्दा झाला. शास्त्राचा मुद्दा यापेक्षा धारदार आहे. हीच माणसं आधीच्या वर्षीही याच कपड्यांत, मास्कशिवाय फवारत होती. मग त्याच वर्षी एवढी का पडली? जे दरवर्षी सारखंच होतं, ते एका वर्षाच्या उद्रेकाचं कारण कसं ठरेल? त्या हंगामात वेगळं काय होतं ते शोधायला हवं: कपाशीची उंची, बोंडअळीमुळे वाढलेल्या फवारण्या, औषधांची मिश्रणं, जास्त दाबाचे पंप, दमट हवा. यातलं खरं कारण शोधायला प्रयोगशाळेच्याही आधी एक यादी लागते, त्याच गावात त्याच आठवड्यात फवारणी करून ठणठणीत राहिलेल्यांची. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की फरक बोलायला लागतो. बातम्यांत पडलेल्यांची यादी होती. न पडलेल्यांची नव्हती.

हे कागदी पांडित्य वाटत असेल तर पुढचं पाहा. सप्टेंबर 2020 मध्ये यवतमाळच्या 51 शेतकरी कुटुंबांच्या वतीने सिंजेंटा कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमधल्या ओईसीडी संपर्क केंद्राकडे तक्रार गेली. 2021 मध्ये दोन विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांचा दावा तिथल्याच बासेल शहरात दाखल झाला. वाद 'पोलो' या औषधाचा. कंपनीने जबाबदारी नाकारली. अशा वादात प्रश्न एकच असतो: त्या माणसाने, त्या दिवशी, नेमकं कोणतं औषध फवारलं, आणि ते कुठे लिहिलेलं आहे? रिकामा डबा फेकला गेला, केसपेपरवर नुसतं 'विषबाधा' लिहिलं गेलं, की न्यायाचा निम्मा दरवाजा बंद. दुःख कितीही खरं असलं तरी नोंद नसलेलं दुःख वकिलाच्या कामाचं नसतं.

त्या मजुरांत कोलाम होते की बंजारा, दलित की मुसलमान, हे मला सांगायचं नाही. 'हा आपला विषय नाही' असं आपल्यातले लोक म्हणतात, त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की विष पाठीवर चढताना जात-जमात विचारत नाही.

आता जो विषय निर्विवाद 'आपला' होता, तो घेऊ. 18 एप्रिल 2020 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं, देशातल्या 14,378 कोरोना रुग्णांपैकी 4,291, म्हणजे 29.8 टक्के, तबलिगी मरकजशी जोडलेले आहेत. पुढे काय झालं ते तुम्ही भोगलंय. भाजीवाल्याला गल्लीत बंदी, दवाखान्यात नाव विचारून वागणूक. आपण उत्तर काय दिलं? भावुक व्हिडिओ, शेर, निषेधाची पत्रकं. एक साधा प्रश्न मोठ्याने विचारायला हवा होता: छेद कुठे आहे? अंश सांगितलात, 4,291. पण मरकजशी संबंधित किती जणांची तपासणी केली, आणि बाकी जनतेतल्या किती जणांची? एका गटाला राज्याराज्यांतून शोधून काढून तपासायचं आणि इतरांची तपासणी मोजक्या अटींवर करायची; मग पहिल्या गटाचा टक्का फुगणारच. कुठल्याही लग्नाच्या वऱ्हाडाला असंच शोधून तपासलं असतं तर 'वऱ्हाडी कोरोना' सापडला असता. मरकजमध्ये संसर्ग पसरला हे खोटं नव्हतं. त्या टक्क्यावरून काढलेला अर्थ खोटा होता. 21 ऑगस्ट 2020 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं म्हटलं. तोवर चार महिने उलटले होते.

आणि त्याच वर्षी मालेगावचा युनानी काढा गाजला तेव्हा? तेव्हा आपणही छेद विसरलो. काढा पिणारे किती, न पिणारे किती, दोघांत आजार किती, हे न विचारता फॉरवर्ड करत सुटलो. शास्त्र आपल्या बाजूने असेल तेवढंच हवं, असं चालत नाही.

सच्चर समितीचा अहवाल आपण 2006 पासून भाषणांत वापरतो. त्यातलं आरोग्याचं प्रकरण किती जणांनी उघडलंय? गरिबी असूनही मुसलमानांत बालमृत्यूचं प्रमाण तुलनेने कमी, असं त्यात आहे. का? या कोड्याची उकल मांडली ती मायकेल गेरुसो आणि डीन स्पिअर्स या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी, 2018 मध्ये: मुसलमान आणि त्यांचे शेजारी उघड्यावर शौचाला कमी बसतात, बराचसा फरक त्याने पडतो. आपल्या मोहल्ल्यातल्या संडासाचं महत्त्व आपल्याला टेक्सासहून कळावं, याची मला लाज वाटते.

गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी उलटं केलं. जॉन्स हॉपकिन्सला शिकले आणि गावात परतले. थोडं शिकलेल्या बायकांना मोजायला आणि उपचार करायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, आणि तो अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. 2001 च्या 'कोवळी पानगळ' अहवालाने तर सरकारी नोंदींपेक्षा बालमृत्यू कितीतरी जास्त असल्याचं दाखवून मंत्रालय हलवलं. नुसत्या मोजणीने.

मोजणी सध्या जगभर संकटात आहे. 2025 मध्ये अमेरिकेने हात आखडला आणि अनेक गरीब देशांतली डीएचएस ही आरोग्य पाहणी मध्येच थांबली. आपल्याकडे 2021 ची जनगणना 2027 वर गेली, म्हणजे कळंब तालुक्यात माणसं किती, याचं उत्तर अजून 2011 चंच. जागतिक आरोग्य संघटनेने 2020-21 मधले भारतातले जादा मृत्यू सुमारे 47 लाख धरले. सरकारी कोरोना मृत्यू पाच लाखांच्याही आत. सरकारला तो अंदाज मान्य नाही. या वादात बोलायचं तर गणित यायला हवं, घोषणा नव्हे.

नीट हुकलेल्या मुलामुलींनो, या शास्त्राला एमबीबीएस लागतंच असं नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्यात एमए-एमएससीच्या तोडीची पदवी आहे, आणि तिथे डॉक्टर नसलेल्या पदवीधरालाही जागा मिळते. चेन्नईच्या आयसीएमआरच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाचा प्राथमिक अभ्यासक्रम एनपीटीईएलवर फुकट शिकता येतो. सेवाग्राम तर शेजारच्या जिल्ह्यात. पगार डॉक्टरएवढा नाही आणि नोकऱ्या बऱ्याचशा कंत्राटी, हे लपवत नाही.

पण पदवीची वाट पाहायचंही कारण नाही. जुलैपासून फवारणी सुरू होईल. कळंबच्या आठवडी बाजारातून दोनशे पानी वही आणा आणि रकाने आखा: तारीख, गाव, वय, किती तास फवारलं, कोणता पंप, डब्यावरचं पूर्ण नाव (लेबलचा फोटो काढून), काय त्रास झाला, दवाखान्यात गेला की नाही. ज्याला काहीच झालं नाही त्याचंही लिहा. नोंद करण्याआधी त्या माणसाची परवानगी घ्या, आणि त्याचं नाव वहीबाहेर जाऊ देऊ नका.