आधी हजेरी, मग सूर

संगीतातलं ज्यांना कळतं, अशा मंडळींचं माझ्याविषयी एक मत आहे आणि माझं त्यांच्याविषयी एक. त्यांचं मत ते मैफलीच्या मध्यंतरात, बटाटेवडा खाता खाता, वेळोवेळी मांडत असतात. माझं मत मांडण्यासाठी मला अजून कुणी बटाटेवडा दिलेला नाही. तेव्हा ते इथेच मांडतो.

निमित्त घडलं ते असं. आमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांना 'कान' आहे. कान तसे आम्हा सर्वांनाच आहेत, पण आमचे चष्म्याच्या काड्या अडकवण्यापुरते. त्यांचा तयार आहे. हे तयार कानाचे गृहस्थ गणपतीत एका मित्राबरोबर कोकणात गेले, तिथे रात्रभर वाडीतलं भजन ऐकलं (म्हणजे त्यांची झोपायची सोय शेजारच्याच खोलीत होती) आणि परत येऊन त्यांनी निकाल दिला, "पेटी एका पट्टीत, बुवा दुसऱ्या पट्टीत आणि कोरस तर कुठल्याच पट्टीत नाही! त्यापेक्षा चार पैसे काढून एक चांगला साउंड का लावत नाहीत हो हे लोक?"

माझं भांडण आहे ते या 'त्यापेक्षा'शी.

आधी हे भजन म्हणजे काय प्रकरण आहे ते बघा. संगमेश्वरापासून वैभववाडीपर्यंत, सह्याद्रीच्या कुशीतलं कुठलंही गाव घ्या. नकाशावर ते एक गाव असतं. प्रत्यक्षात वाड्याच वाड्या. एक उतारावर, दुसरी पऱ्याच्या पलीकडे आणि तिसरी इतकी वर, की तिथल्या माणसाला आज हाक मारली तर तो उद्या 'ओ' देतो. त्यात भाद्रपदातला पाऊस. अशा रात्री बॅटरीच्या उजेडात एक माणूस डोक्यावर पेटी घेऊन घसरड्या पायवाटेनं उतरतो. पेटी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली, माणूस भिजलेला. मागोमाग पखवाज पोटाशी धरून दुसरा. दिवसा यांतला एक गवंडी असतो, एक एसटीचा कंडक्टर, एक पोस्टमन, दोघे शेतकरी आणि एक जण नेमकं काय करतो हे त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही. रात्री या सगळ्यांचा मिळून एक ऑर्केस्ट्रा होतो.

हो, ऑर्केस्ट्राच. कुणी 'कम्युनिटी ऑर्केस्ट्रा' म्हटलं की आपण लगेच ताठ बसतो. आणि 'प्रासादिक भजन मंडळ' म्हटलं की कूस बदलतो. वास्तविक काम तेच आणि इथे जास्त कठीण. तिकडच्या कंडक्टरला दोन्ही हात मोकळे असतात. आमच्या बुवाचा एक हात पट्ट्यांवर, दुसरा भात्यावर, तोंडात अभंग. त्यामुळे सगळा कारभार भुवयांवर. एक भुवई वर गेली की कोरसनं उचलायचं, दोन्ही गेल्या की पखवाजवाल्यानं लय वाढवायची. रूपावली झाली की अभंग, मग गवळण, मग गजर. गजराला झांजा चढल्या की कौलं हलतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा यजमानीणबाईंना आयत्या वेळी गव्हाचं पीठ मागायचं हाही कार्यक्रमाचाच भाग. पावसानं कातडं सैलावलं की हातोडीनं गठ्ठे ठोकत बसायचं. एवढं करून मानधन काय? उसळ-पाव आणि चहा.

सप्ताहाचा हिशेब तर याहून वरचढ. अखंड भजन सात दिवस, म्हणजे 168 तास. टाळ थांबता कामा नये. वाडीवार पाळ्या लागलेल्या, पहाटे तीनची पाळीसुद्धा. आणि पुढची वाडी येऊन उभी राहिल्याशिवाय आधीची हलत नाही. काउंटरवर दुपारी अर्धा तास माणूस जागेवर ठेवताना आमच्यासारख्या पगारी लोकांची काय त्रेधा उडते, ते खातेदारांना विचारा.

आता सुराचा मुद्दा. कानवाल्यांचा मूळ राग पेटीवर. तिच्यात श्रुती नाहीत, मींड निघत नाही. मान्य. पॅरिसमध्ये 1840 साली पेटंट घेतलेलं हे वाद्य. पुढे कलकत्त्यात ते मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या बेताचं झालं. याच दोषांवर बोट ठेवून ऑल इंडिया रेडिओनं 1940 साली पेटीला बंदी घातली. ती उठायला 1971 साल उजाडलं. तीस-एकतीस वर्षं तयार कानांचं सरकारी राज्य होतं म्हणा ना! त्या काळात डोंगरातल्या मंडळांनी पेट्या पऱ्यात सोडल्या नाहीत. ते वाजवत राहिले. शेवटी रेडिओच पेटीकडे परत आला, पेटी रेडिओकडे गेली नाही.

"पण चांगलं संगीत आयतं मिळत असताना वाईट स्वतः का वाजवायचं?" हा प्रश्नही नवा नाही. अमेरिकेतले नामांकित बँडमास्टर जॉन फिलिप सूसा यांनी 1906 सालीच या आयत्या संगीताविरुद्ध लेख लिहिला. ग्रामोफोन घरोघर पोचला की लोक स्वतः वाजवायचं सोडतील, ही त्यांची भीती. माणसाचं शेपूट जसं झडलं तसा एक दिवस त्याचा कंठही झडेल, असं त्यांनी तिकडच्या कायदेमंडळापुढे सांगितलं. कंठ अजून झडलेला नाही, हे लग्नाच्या पंगतीत कळतं. पण बाकीचं? तुमच्या बिल्डिंगमध्ये गाणी ऐकणारे किती आणि वाजवणारे किती, मोजून पाहा. वाजवणारा एखादा असलाच तर सोसायटीनं त्याला नोटीस दिलेली असते.

परदेशाचा दाखला दिल्याशिवाय आपल्याकडे वाद संपत नाही, म्हणून तोही देतो. ऑस्ट्रियाचं नाव काढलं की कानवाले मोझार्टला नमस्कार करतात. त्याच ऑस्ट्रियात, आल्प्सच्या दऱ्याखोऱ्यांत, गावोगाव हौशी बँड आहेत; सगळ्या देशातले मिळून दोन हजारांवर. वाजवणारे शेतकरी, सुतार, पाववाले, शाळामास्तर. जत्रेत, लग्नात आणि मयतालासुद्धा तेच वाजवतात. त्या देशाला स्पीकर भाड्यानं मिळत नाहीत, असं थोडंच आहे? पण आपल्या गावचा माणूस गेला तर आपल्या गावानं वाजवायचं, एवढं त्यांना कळतं.

मी कॉमर्सचा पदवीधर. तेव्हा ताळेबंद मांडल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडत नाही. साउंड भाड्यानं आणला तर खर्च एका रात्रीचा आणि सकाळी टेम्पो परत गेला की शिल्लक शून्य. वाडीत राहतं ते फक्त कानातलं शिट्टीसारखं वाजणं. भजनी मंडळाच्या मालमत्तेत मात्र एक पेटी, एक पखवाज, झांजा, टाळांची एक पिशवी, आणि तीस वर्षांपूर्वी बांधावरून कोर्टात गेलेली दोन घरं. ही दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत. पण एका घरचा पखवाज आणि दुसऱ्या घरची झांज असल्यामुळे समेवर त्यांना एकत्र यावंच लागतं. ही नोंद कुठल्या खात्यात करायची, ते मला आमच्या ऑडिटरनंही सांगितलं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं कलम अजून राहिलं. पखवाज कुणी क्लास लावून शिकत नाही. पोर आधी आजोबांच्या मांडीशी टाळ घेऊन बसतं. चुकतं, पण बारा टाळांत एक टाळ चुकला तर खपून जातो. दोन पावसाळ्यांनी त्याच्या हातात झांज येते आणि एखाद्या रात्री पखवाजवाला तापानं निजलेला असतो, तेव्हा बुवा त्याच्याकडे बघून भुवई उडवतो. त्या रात्रीचं वादन वाईटच होणार. पण ती वाईट रात्र गेल्याशिवाय पुढची चांगली कुठून यायची? 'त्यापेक्षा साउंड लावा' म्हणणारा नेमकी ही रात्रच काढून घेतो. बेसूर वाजवायला जागाच नसेल, तर सुरात वाजवणारा तयार कुठे व्हायचा?

आणि आता पोरंच कुठे आहेत? कोकणातला तरुण गिरण्यांच्या दिवसांपासून मुंबईला जातो आहे. तेव्हा निदान गिरणगावातल्या चाळीत गावाच्या नावाचं मंडळ असायचं, गावकीच्या खोलीत पखवाज टांगलेला असायचा. 1982 च्या संपानं गिरण्यांचा कणा मोडला, पुढे खोल्या गेल्या, माणसं दिवा, नालासोपारा, विरारला पांगली. आज कित्येक वाड्यांत बुवा सत्तरीचा आणि पखवाजवाला विरारचा. गणपतीच्या गाडीचं त्याचं तिकीट वेटिंगवर राहिलं, की वाडीचं भजनही वेटिंगवर. तशा मुक्या वाडीत मग साउंडवाला टेम्पो सहज शिरतो. तो काही भजनाहून गोड वाजतो म्हणून येत नाही. बसणारी माणसं नसतात म्हणून येतो.

म्हणून ज्या चाकरमान्यांच्या खिशात चार पैसे आहेत, त्यांना हात जोडून सांगणं, की स्पीकर देणगी देऊ नका. पखवाजाच्या पुड्या फाटल्या असतील, त्या चढवून द्या. पेटीचे दोन सूर पावसानं कण्हत असतील, ते दुरुस्त करून द्या. आणि जमलं तर पोराला दोन दिवस आधी गावी पाठवा. शाळेला कळवायला काय कारण लिहायचं ते आपण बसून ठरवू.

तयार कानाच्या मंडळींनीही अवश्य यावं. फक्त आतल्या खोलीत कूस बदलत पडू नये, ओटीवर येऊन बसावं. टाळांच्या पिशवीत बहुतेक एखादा जोड जास्तीचा असतो. तो उचलावा. पट्टी कुठली, हे कुणी विचारणार नाही.