जबलपूर–नागपूर मार्गावरील मोटारींच्या स्टेपनीबाबत निवेदन

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, मध्य प्रदेश, ग्वाल्हेर
द्वारा : मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी, जबलपूर
प्रत : मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी, नागपूर (ग्रामीण)

विषय : स्टेपनी नसल्याच्या कारणावरून होणारी अडवणूक थांबवणे व नियमाची लेखी स्पष्टता करणे

महोदय,

आम्ही जबलपुरात राहणारी मराठी माणसे. कुणाची घरची गाडी आहे, कुणी टॅक्सी चालवतो. लग्नकार्य, दवाखाना, दिवाळी, काही ना काही निमित्ताने नागपूरची फेरी होतेच. लखनादौन, सिवनी, खवासा, देवलापार, मनसर असा हा सुमारे 270 किलोमीटरचा रस्ता आहे. त्याचा शेवटचा टप्पा महाराष्ट्रात येतो, म्हणून निवेदन मराठीत केले आहे. हिंदी प्रत सोबत जोडली आहे.

गाडी बाजूला घ्यायला लावायची, डिकी उघडायची आणि स्टेपनी दिसली नाही की दंडाची भाषा सुरू करायची, असा अनुभव आमच्यापैकी काहींना वाटेत आला आहे. कुठे आणि कोणाकडून, हे उकरण्यात आम्हाला रस नाही. नियम खालपर्यंत पोचलेला नाही, असे आम्ही धरून चालतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने जुलै 2020 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये दुरुस्ती केली. त्यानुसार 3.5 टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीला ट्यूबलेस टायर, चालत्या गाडीत टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे किट दिलेले असेल, तर जादा चाकाची सक्ती उरत नाही. विजेवर चालणाऱ्या कित्येक गाड्या आज कंपनीतूनच स्टेपनीशिवाय येतात. अशा गाडीच्या मालकाकडे दंड मागणे बेकायदा आहे.

मात्र ही सूट सरसकट नाही. ट्रक आणि बस तिच्यात बसत नाहीत, ट्यूबच्या टायरची जुनी गाडीही नाही. बाजारातून किटचा डबा आणून डिकीत टाकला की काम झाले, असे म्हणणारे आमच्यातही आहेत. त्यांची वकिली आम्ही करणार नाही.

किटचे खरे काम किती, हेही मोकळेपणाने सांगतो. बाटलीतला चिकट द्राव टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात खिळ्याने पडलेले भोक बुजवतो. खड्ड्याच्या कडेला आपटून टायरची बाजू फाटली, तर तोच द्राव फटीतून रस्त्यावर सांडतो. बाटलीवर मुदतही छापलेली असते. ती उलटून गेल्याचे पंक्चर होईपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. कुरईच्या पुढे पेंचच्या जंगलात जनावरांना खालून जाता यावे म्हणून रस्ता जागोजागी उंचावरून नेला आहे. तिथे रात्री टायर फाटला, तर पंक्चरवाला आणायचा कुठून? जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत लष्कराच्या शक्तिमान ट्रकवर हात काळे केलेली वडीलधारी माणसे आमच्यात आहेत. स्टेपनीवाचून घाट चढणे त्यांना आजही पटत नाही, आणि लांब पल्ल्यापुरते आम्हालाही त्यांचेच म्हणणे बरोबर वाटते. पण हा शहाणपणाचा सल्ला झाला. सल्ल्याची पावती फाडता येत नाही.

यास्तव आमची पहिली मागणी अशी, की आपण रस्त्यावरच्या तपासणी पथकांना लेखी परिपत्रक द्यावे. किट व दाबाची यंत्रणा कंपनीने दिलेली असल्यास स्टेपनीसाठी चलान करू नये. चलान केलेच, तर कोणत्या नियमाखाली, हे त्यावर लिहिलेले असावे. ज्या गाडीला कंपनीने स्टेपनी दिली होती, पण मालकाने सामानासाठी ती काढून घरी ठेवली, तिचे काय करायचे, याचेही उत्तर त्याच परिपत्रकात यावे. प्रत्येक शिपायाचे उत्तर निराळे असते.

दुसरे विक्रेत्यांबाबत. नवी गाडी नेताना हार, पेढे, फोटो सगळे यथासांग होते; डिकीत स्टेपनी आहे की किट, ते मात्र पहिल्या पंक्चरला कळते. गाडी ताब्यात देतानाच्या कागदावर ही नोंद आणि द्रावाची मुदत लिहून देणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे. किट कसे वापरायचे, ते एकदा हातात देऊन दाखवावे.

टॅक्सीच्या फिटनेस तपासणीत स्टेपनीपुढे नुसती बरोबरची खूण करून भागत नाही. अंगठ्याने दाबली तर आत जाणारी स्टेपनी, नट न पकडणारा पाना, दांडा हरवलेला जॅक हे सर्रास चालून जाते. सीएनजीची टाकी बसवताना स्टेपनी अडकून पडली असेल, तर ती बाहेर काढून पाहावी. काही गाड्यांना लहान, अरुंद स्टेपनी येते आणि तिच्यावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. प्रवासी घेऊन धावणाऱ्या चालकाला ती ठाऊक आहे का, तेही विचारावे.

महामार्गाच्या मदतीसाठी 1033 हा क्रमांक आहे. सिवनी ते खवासा या टप्प्यात त्याचे फलक ठळक लावावेत आणि गस्तीच्या गाडीत टायर दुरुस्तीचे साहित्य असावे, यासाठी आपण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे पाठपुरावा करावा. हे आपल्या थेट अखत्यारीत नाही, याची आम्हाला जाणीव आहे.

परिपत्रक निघाल्यावर त्याची प्रत आम्हालाही मिळावी, म्हणजे गाडीच्या कागदांसोबत ती ठेवता येईल.

आपले विश्वासू,
जबलपूर येथील मराठी भाषक मोटारमालक व टॅक्सीचालक
(सह्या सोबतच्या पानांवर)