भोपाळ : कर्करोगाची मोजदाद अर्ध्यावर

युनियन कार्बाइडच्या आवारात अनेक दशके पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला हलवण्यात आला आणि पुढे तेथे जाळण्यात आला. त्यासाठी केंद्राने १२६ कोटी रुपये दिले होते. न्यायालयाने बडगा उगारल्यावर का होईना, कचऱ्यासाठी पैसा निघाला. विषारी वायू ज्यांच्या श्वासात गेला त्यांच्या शरीरात पुढे काय घडले, हे शोधण्यासाठी मात्र तशी तत्परता कधीच दिसली नाही.

डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ८० हजारांहून अधिक वायुबाधितांची दीर्घकालीन पाहणी हाती घेतली. भोपाळमध्ये लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणीही सुरू झाली. परंतु १९९४ मध्ये परिषदेने आपले काम आटोपते घेतले आणि पाहणी राज्य सरकारच्या केंद्राकडे गेली. कर्करोग हा दबा धरून बसणारा आजार. त्याला डोके वर काढायला पंधरा-वीस वर्षेही लागतात. फुप्फुस, घसा व तोंडाच्या कर्करोगावरील दीक्षित आणि कान्हेरे यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. जादा धोका असलाच, तर तो पूर्णपणे दिसायला तेवढाच अवधी लागेल, असा इशारा त्यांनी दिला होता. म्हणजे मोजणीला खरा अर्थ येण्याची वेळ जवळ येत असतानाच मोजणारा हात आखडला होता.

नोंदणी सुरू राहिली, हे खरे. पण शहरात कर्करोगाचे रुग्ण किती, एवढेच नोंदणीतून कळते. कोणी किती वायू हुंगला, नंतर तो कोठे राहायला गेला, हे दारोदार पाठपुरावा केल्याशिवाय समजत नाही. या कामाला महागडी यंत्रे लागत नाहीत. वर्षानुवर्षे पगार मिळणारी माणसे लागतात. आपल्याकडे नेमका हाच खर्च सर्वांत आधी कापला जातो.

याची किंमत बाधितांनीच मोजली. ४७ कोटी डॉलरची तडजोड १९८९ मध्ये झाली, तेव्हा बहुतेक कर्करोग उद्भवलेही नव्हते. २०१० मध्ये केंद्राच्या मंत्रिगटाने कर्करोगग्रस्त बाधितांना दोन लाख रुपयांचे सानुग्रह साहाय्य सुचवले. आजार मान्य, त्याचे मोजमाप मात्र अपुरे! परिषदेची पर्यावरण आरोग्य संशोधन संस्था भोपाळमध्ये उभी राहिली तीही त्याच वर्षी. वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील संशोधकांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आधारे, दुर्घटनेवेळी गर्भात असलेल्या पुरुषांमध्ये कर्करोगाचा धोका वाढल्याचे दाखवून दिले. आकडे आपल्या सरकारचे, त्यांतून हा प्रश्न विचारला तो परदेशी विद्यापीठाने.

केरीच्या पठारावरील नायलॉन ६,६ प्रकल्प लढून परतवणाऱ्या गोव्याला हे परके वाटू नये. कारखान्याला परवाना देताना धूर आणि सांडपाणी मोजले जाते. भोवतालच्या गावांचे आरोग्य वीस-तीस वर्षे कोण तपासणार आणि त्याचा खर्च कोण उचलणार, हे कोणी विचारत नाही. भोपाळमध्ये त्या वेळी गर्भात असलेली मुले आता चाळिशीत आली आहेत. कर्करोगाचे प्रमाण याच वयानंतर वाढू लागते, आणि संशोधन प्रकल्पांना निधी मिळतो तो सहसा तीन-चार वर्षांपुरता.