गाळलेल्या जागा

मैत्रिणींनो, चाचणी परीक्षा झाली की पेपरांचे गठ्ठे माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतात. एकीकडे आमटीला उकळी, दुसरीकडे हातात लाल पेन. अशाच घाईत सहावीतल्या एका मुलाचा इंग्रजीचा पेपर पुढे आला. दहा गाळलेल्या जागांपैकी सहा तशाच कोऱ्या! मी फणकाऱ्याने शेरा मारला, 'पालकांनी लक्ष द्यावे.'

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याची आई दारात उभी. "बाई, मी सातवीपर्यंत शिकलेली. लक्ष कुठं द्यायचं, तेवढं सांगा."

मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. २००० सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून आलं, आणि कितीतरी आयांचा अभ्यास घेण्याचा धीर तिथेच सुटला.

मी त्यांना बाकावर बसवलं. म्हटलं, तुमचं मराठीच इथे कामाला येईल.

'ए' की 'ॲन'? पुढचा शब्द कानाला ऐकू येतो तसा मराठीत लिहायचा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'ए'. स्पेलिंगकडे बघायचंच नाही. 'अवर'मध्ये अ, म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी'त य, म्हणून 'ए युनिव्हर्सिटी'. त्या पटकन म्हणाल्या, "मग आमदाराला ॲन एमेले!" अगदी बरोबर! आणि गोष्टीत आपण आधी 'एक राजा' म्हणतो, मग 'तो राजा'. तसंच आधी 'ए किंग', मग 'द किंग'.

'सिन्स' की 'फॉर'? इथे मात्र मराठी फसवते. आपण 'सोमवारपासून' म्हणतो नि 'दोन वर्षांपासून'ही म्हणतो. इंग्रजीत सुरुवात कधी झाली ते सांगायचं असेल तर 'सिन्स मंडे', किती काळ ते सांगायचं असेल तर 'फॉर टू इयर्स'.

'डिड नॉट' आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात. 'ती गेली नाही' यात आपला भूतकाळ 'गेली'मध्ये असतो, म्हणून मुलं 'डिड नॉट वेंट' लिहितात. इंग्रजीत तो 'डिड'नेच उचललेला असतो. पुढे नुसतं 'गो'.

वेळेचं गणित सोपं. महिना, वर्ष असेल तर 'इन'. वार, तारीख असेल तर 'ऑन'. घड्याळातली वेळ असेल तर 'ॲट'.

आणि सगळ्यात आधी पूर्ण वाक्य वाचायचं. जागा पहिल्या ओळीत असली तरी खूण शेवटी सापडते. 'यस्टरडे' दिसलं की भूतकाळ, 'एव्हरी डे' दिसलं की रोजची क्रिया; आणि रोजची क्रिया करणारा 'ही' किंवा 'शी' असेल तर 'गो'चं 'गोज'.

"पण बाई, त्याला थोडं येतं," त्या जाताना म्हणाल्या, "तो म्हणतो, चुकीचं लिहिण्यापेक्षा कोरं बरं."

मी पेपर पुन्हा पाहिला. चुकलेल्या दोन उत्तरांवर मी लाल पेनाने दोन-दोन रेघा ओढल्या होत्या. कोऱ्या जागांवर एकही रेघ नव्हती. मग पोरगं दुसरं काय शिकणार? आमच्या चाचणीत चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, हेही मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. ते दुसऱ्याच दिवशी सांगितलं.

पुढच्या चाचणीत त्याची एकही जागा कोरी नव्हती. सात बरोबर, तीन चूक. त्या तिन्हींपुढे मी बरोबर उत्तर पेन्सिलीने लिहिलं आणि शेरा मारला, 'आईने छान लक्ष दिले.'

तेव्हा मैत्रिणींनो, इंग्रजी येत नाही म्हणून मुलाच्या वहीपासून लांब राहू नका. संध्याकाळी भाजी निवडताना पाचच वाक्यं घ्या. त्याला मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही कान द्या. आणि चुकलं तर ओरडू नका, एवढं मात्र माझ्यावरून शिका.